प्रौढपणी स्वमग्नतेची तपासणी : निदान वेगळे, प्रमाणपत्र वेगळे

ऑटिझम, म्हणजेच स्वमग्नता, हा शब्द कानावर पडताच बहुतेकांच्या डोळ्यांसमोर लहान मूल उभे राहते. दरवर्षी २ एप्रिल रोजी पाळल्या जाणाऱ्या जागतिक स्वमग्नता जागरूकता दिनाचे कार्यक्रम, विशेष शाळांची छायाचित्रे आणि पालकांसाठी भरणारी शिबिरे यांमुळे हा समज अधिकच दृढ झाला आहे. वास्तविक स्वमग्नता ही जन्मभर सोबत राहणारी अवस्था आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ साली जगातील सुमारे १२७ व्यक्तींमागे एक व्यक्ती स्वमग्न होती. हा अंदाज सर्व वयोगटांचा आहे. त्यातील अनेक प्रौढांची बालपणी कधी तपासणीच झालेली नाही.

अशा प्रौढांपैकी काही जण तिशीत, चाळिशीत, क्वचित साठीतही स्वतःहून मानसोपचारतज्ज्ञाकडे जातात. तिथवर पोहोचण्याच्या वाटा साधारणतः ठरलेल्या असतात. मुलाच्या तपासणीसाठी गेलेली आई किंवा वडील प्रश्नावली भरता भरता थबकतात, कारण मुलाविषयी विचारलेले बरेचसे प्रश्न त्यांच्या स्वतःच्या बालपणालाही लागू पडत असतात. कोणी नैराश्यावर किंवा चिंतेवर वर्षानुवर्षे उपचार घेतलेले असतात आणि औषधांनी उतार पडूनही मूळ अडचण तशीच राहिलेली असते. काहींच्या बाबतीत बढती हे निमित्त ठरते. यंत्रांशी किंवा आकड्यांशी उत्तम जमणाऱ्या कर्मचाऱ्याच्या हाताखाली दहा माणसे दिली जातात आणि वीस वर्षे निर्वेध चाललेली नोकरी सहा महिन्यांत असह्य होते.

तपासणीसाठी येणाऱ्या प्रौढाच्या मनात बहुधा दोन प्रश्न एकत्र मिसळलेले असतात. मी स्वमग्न आहे का, हा पहिला. त्याचे उत्तर वैद्यकीय निदानातून मिळते. शासनाच्या दृष्टीने मी दिव्यांग ठरतो का आणि किती टक्के, हा दुसरा. त्याचे उत्तर प्रमाणपत्र देणारे प्राधिकरण देते. दोहोंसाठी वापरली जाणारी साधने वेगळी, ठिकाणे वेगळी आणि हेतूही वेगळे आहेत. पहिल्याचे उत्तर होकारार्थी आणि दुसऱ्याचे नकारार्थी येऊ शकते. प्रौढ व्यक्तींच्या पदरी येणारी बरीचशी निराशा हा फरक आधी कोणी न सांगितल्यामुळे येते, म्हणून येथे त्याचा थोडा तपशिलात विचार केला आहे.

इतकी वर्षे का कळले नाही

एखादी व्यक्ती पन्नाशीपर्यंत स्वमग्न असूनही कोणाच्याच लक्षात कसे आले नाही, हा प्रश्न नातेवाईक हमखास विचारतात. त्याचे उत्तर काही अंशी वैद्यकशास्त्राच्या इतिहासात आहे. अमेरिकेतील बाल्टिमोर येथे काम करणाऱ्या लिओ कॅनर यांनी १९४३ साली अकरा मुलांचे वर्णन प्रसिद्ध केले, तेव्हापासून ही अवस्था स्वतंत्रपणे ओळखली जाऊ लागली. पुढच्याच वर्षी व्हिएन्नामध्ये हान्स आस्पर्गर यांनी अस्खलित बोलणाऱ्या, परंतु इतरांशी जुळवून घेऊ न शकणाऱ्या मुलांविषयी जर्मन भाषेत लिहिले. ते लेखन इंग्रजी जाणणाऱ्या डॉक्टरांच्या नजरेस सर्वदूर आले ते १९८१ मध्ये, ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञ लॉर्ना विंग यांच्या लेखामुळे. विंग स्वतः एका स्वमग्न मुलीच्या आई होत्या. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या निदानपुस्तिकेत स्वमग्नतेला स्वतंत्र स्थान १९८० साली मिळाले, तेही शैशवावस्थेतील विकार म्हणून. आस्पर्गर यांच्या नावाने ओळखली जाणारी अवस्था त्या पुस्तिकेत १९९४ मध्ये आली. २०१३ मध्ये या सर्व उपप्रकारांचे एकाच ‘स्वमग्नता वर्णपटा’त विलीनीकरण झाले.

या सालांचा अर्थ भारतीय वाचकाने आपल्या घरात लावून पाहावा. १९७५ साली जन्मलेले, वेळेवर बोलू लागलेले, अभ्यासात बरे असलेले मूल शाळेतून बाहेर पडले तेव्हा त्याच्या अडचणीला जगातही सर्वमान्य नाव नव्हते. मग जिल्ह्याच्या गावातील डॉक्टरांना किंवा वर्गशिक्षकांना ते ठाऊक नव्हते याबद्दल त्यांना दोष कसा द्यावा?

नाव नव्हते म्हणजे शब्द नव्हते असे मात्र नाही. घुम्या, एकलकोंडा, हेकट, तऱ्हेवाईक, भोळसट, आढ्यताखोर अशी विशेषणे मराठी घरांत मुबलक होती आणि ती सढळ हाताने वाटली जात. पाहुणे आले की माळ्यावर जाऊन बसणारा, रेल्वेचे वेळापत्रक पाठ असलेला, ठरावीक वाटीतच आमटी लागणारा, लग्नातल्या बँडच्या आवाजाने कान झाकून घेणारा मुलगा हा स्वभावाचा प्रश्न समजला गेला. मुलींच्या बाबतीत तर हा प्रश्नही उपस्थित झाला नाही. कमी बोलणारी, मान खाली घालून वावरणारी, घरातून फारशी बाहेर न पडणारी मुलगी आपल्याकडे गुणी ठरते. नजरेला नजर न देणे हे पाश्चात्त्य निदानग्रंथांत लक्षण म्हणून नोंदवलेले आहे. आपल्याकडे वडीलधाऱ्यांसमोर तो शिष्टाचार आहे. परिणामी जे इतरत्र लवकर खटकले असते ते येथे कौतुकाच्या पडद्याआड राहिले.

निदान झालेल्यांत एका मुलीमागे चार मुलगे असे प्रमाण अनेक वर्षे सांगितले जात असे. २०१७ मध्ये अनेक अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण झाले, तेव्हा प्रत्यक्ष प्रमाण तीनास एक याच्या जवळ असावे, असे दिसून आले. ज्या मुली मोजणीतून सुटल्या त्यांच्यापैकी बऱ्याच जणींनी इतरांचे बोलणे, हसणे, हातवारे पाहून घोटून घेतलेले असतात. या सवयीला संशोधक मुखवटा धारण करणे म्हणतात. ती पुरुषांतही आढळते. संभाषणापूर्वी वाक्ये मनात तयार ठेवणे, समोरचा हसला की आपणही हसणे, समारंभाहून परतल्यावर दोन दिवस कोणाशीही न बोलता पडून राहणे ही त्याची रोजची रूपे होत. निदानपुस्तिकेतही आता हे मान्य केले आहे की, लक्षणे बालपणापासून असली पाहिजेत, परंतु सामाजिक अपेक्षा व्यक्तीच्या कुवतीपलीकडे जाईपर्यंत ती पूर्णपणे प्रकट न होणे किंवा शिकून घेतलेल्या युक्त्यांमागे दडलेली असणे शक्य आहे. प्रौढपणीच्या निदानाचा शास्त्रीय आधार मुख्यतः या एका वाक्यात आहे.

प्रसिद्ध उदाहरण द्यायचे झाले तर ब्रिटिश गायिका सुझन बॉयल यांचे देता येईल. जन्मावेळी मेंदूला इजा झाली असल्याचे त्यांना लहानपणापासून सांगण्यात आले होते. २०१२ मध्ये, पन्नाशी उलटल्यावर, त्यांना आस्पर्गर अवस्था असल्याचे निदान झाले आणि पुढील वर्षी त्यांनी ते जाहीर केले. आपल्याकडे २०१० च्या ‘माय नेम इज खान’ या चित्रपटाने आस्पर्गर हे नाव घराघरांत नेले. त्याचा दुष्परिणाम एवढाच की, त्या नायकासारखी चालण्या-बोलण्याची ढब नसेल तर ती व्यक्ती स्वमग्न असूच शकत नाही, असे काहींना वाटू लागले.

तपासणीसाठी कोणाकडे जावे

भारतात निदान करण्याचे काम मानसोपचारतज्ज्ञ आणि चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ करतात. चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञाची नोंद भारतीय पुनर्वास परिषदेकडे असावी लागते. तिचा क्रमांक विचारण्यात कोणताही अविनय नाही. समुपदेशक आधार देऊ शकतात, निदान देऊ शकत नाहीत. वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये आणि शासकीय मानसिक आरोग्य संस्था यांच्या बाह्यरुग्ण विभागांतून ही सुरुवात कमी खर्चात करता येते. पहिल्या भेटीच्या आधी दूरध्वनीवरून एकच प्रश्न विचारावा : येथे प्रौढांच्या स्वमग्नतेची तपासणी होते का? बहुसंख्य केंद्रांचा अनुभव बालकांपुरता आहे. ‘तुम्ही बोलता, नोकरी करता, लग्न झाले आहे, मग तुम्ही स्वमग्न कसे?’ असे दोन मिनिटांत सांगून परत पाठवणारे तज्ज्ञ भेटतात, तसेच अर्ध्या तासाच्या भेटीत निदान हाती देणारेही भेटतात. दोघांवरही विसंबू नये.

संगणकावर स्वतः भरता येणाऱ्या प्रश्नावल्यांविषयी येथे थोडे सांगितले पाहिजे, कारण आजकाल बहुतेकांची सुरुवात तिथूनच होते. केंब्रिज येथील सायमन बॅरन-कोहेन आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये प्रसिद्ध केलेली ५० विधानांची प्रश्नावली सर्वाधिक परिचित आहे. त्या अभ्यासात स्वमग्न गटातील ८० टक्के व्यक्तींना ३२ किंवा अधिक गुण मिळाले, तर तुलनेच्या गटात हे प्रमाण २ टक्के होते. आकडे प्रभावी असले तरी ही चाळणी आहे, निदान नव्हे. लोकांत मिसळण्याची तीव्र भीती असणाऱ्यालाही तीत बरेच गुण मिळू शकतात. शिवाय ती इंग्लंडमधील जीवनावर बेतलेली आहे. पार्टीला जाण्यापेक्षा ग्रंथालय बरे वाटते का, अशा धाटणीच्या प्रश्नाला सांगलीच्या किंवा ग्वाल्हेरच्या गृहिणीने काय उत्तर द्यावे? तिला सख्ख्या दिराच्या लग्नात चार दिवस घरभर माणसे असताना काय होते, हे विचारले तर खरे उत्तर मिळेल. अशी प्रश्नावली भरलेली असल्यास ती सोबत न्यावी, परंतु गुणांपेक्षा एकेका उत्तरामागचा प्रसंग सांगण्याची तयारी ठेवावी.

बालपणाचा पुरावा

प्रौढाच्या तपासणीत सर्वांत कठीण भाग बालपणाचा असतो. स्वमग्नता ही वाढीशी निगडित अवस्था असल्याने तिच्या खुणा लहानपणापासून असल्या पाहिजेत. चाळिसाव्या वर्षी नव्यानेच सुरू झालेला एकलकोंडेपणा स्वमग्नता नसतो, त्याची कारणे अन्यत्र शोधावी लागतात. म्हणून तज्ज्ञ शक्यतो आईवडिलांशी किंवा मोठ्या भावंडांशी बोलू इच्छितात. बाळ केव्हा बोलू लागले, बोट दाखवून वस्तू मागत असे का, खेळणी मांडून ठेवत असे की त्यांच्याशी खेळत असे, नवे कपडे टोचतात म्हणून रडत असे का, शाळेच्या सुट्टीत कोणाबरोबर असे, असे हे प्रश्न असतात. पालकांच्या दीर्घ मुलाखतीची एक प्रमाणित पद्धत याचसाठी आंतरराष्ट्रीय स्तरावर वापरली जाते.

येथे भारतीय कुटुंबाची खरी परीक्षा होते. सत्तरीतील आईला चाळीस वर्षांपूर्वीचे आठवत नाही किंवा आठवले तरी सांगावेसे वाटत नाही. ‘आमच्या मुलीत काही दोष नव्हता’, हे वाक्य त्यामागच्या भीतीसह समजून घेतले पाहिजे. या पिढीतील मातांना मुलाच्या अशा वागण्याबद्दल आयुष्यभर दूषणे ऐकावी लागली. कॅनर यांच्या काळात तर मायेचा ओलावा नसलेल्या पालकांमुळे मूल असे होते, असा समज खुद्द वैद्यकशास्त्रात रूढ होता. तो केव्हाच खोटा ठरला आहे आणि हे आईला मुलाखतीआधीच सांगून टाकल्यास पुढचे बोलणे सोपे जाते. आणखी एक गोष्ट अनुभवी तज्ज्ञ जाणतात. स्वमग्नतेत आनुवंशिकतेचा वाटा मोठा असल्याने ‘त्यात काय एवढे, याचे वडील आणि आजोबाही असेच होते’ असे उत्तर येते. पालक ते आक्षेप म्हणून सांगतात. ऐकणाऱ्याच्या दृष्टीने ती मोलाची माहिती असते.

आईवडील हयात नसतील तर निदान अशक्य होत नाही. जुनी प्रगतिपुस्तके उपयोगी पडतात. ‘हुशार, परंतु वर्गात मिसळत नाही’, ‘स्वतःच्याच तंद्रीत असतो’, ‘गटात काम करण्यास नाखूष’ असे शेरे तीन-चार इयत्तांत सलग आढळले तर त्यांना पुराव्याचे मोल येते. मावशी, आत्या, शेजारी, बालमित्र यांच्या आठवणी, लहानपणच्या वह्या, संग्रह, याद्या यांचाही आधार घेता येतो. जोडीदार वर्तमानाविषयी पुष्कळ सांगू शकतो, भूतकाळाविषयी मात्र त्याची साक्ष अपुरी पडते. तपासणीपूर्वीच्या आठवड्यात या सर्वांची चार-पाच पानी टिपणे काढून ठेवणे हिताचे. ऐनवेळी प्रश्न विचारल्यावर अनेक स्वमग्न व्यक्तींना प्रसंग आठवत नाहीत आणि घरी परतल्यावर रात्री एकामागून एक आठवू लागतात.

प्रत्यक्ष निरीक्षणासाठी जगभर वापरल्या जाणाऱ्या एका प्रमाणित पद्धतीत अस्खलित बोलणाऱ्या प्रौढांसाठी स्वतंत्र भाग आहे. त्यात चित्रांवरून गोष्ट सांगणे, काम, मैत्री, एकटेपणा यांविषयी गप्पा असे साधे प्रसंग असतात. परीक्षकाचे लक्ष उत्तराच्या बरोबर-चूक असण्यापेक्षा देवाणघेवाणीच्या स्वरूपाकडे असते. तिचे रीतसर प्रशिक्षण घेतलेले तज्ज्ञ भारतात मोजकेच असून ते मोठ्या शहरांत एकवटले आहेत. ही पद्धत न वापरता केवळ सविस्तर मुलाखतीवरून केलेले निदानही ग्राह्य असते, मात्र ती मुलाखत खरोखर सविस्तर हवी. इंग्लंडमध्ये प्रौढांच्या तपासणीसाठी २०१२ पासून स्वतंत्र मार्गदर्शक तत्त्वे आहेत.

भाषेचा मुद्दा महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या मराठी कुटुंबांसाठी विशेष महत्त्वाचा ठरतो. इंदूर, बडोदा, हैदराबाद किंवा बेंगळुरू येथे वाढलेली व्यक्ती डॉक्टरांशी हिंदीत किंवा इंग्रजीत बोलेल, परंतु तिची आई बालपणाची हकीकत मराठीतच सांगेल. दुभाषा म्हणून तपासणीस आलेल्या व्यक्तीलाच बसवणे योग्य नव्हे, कारण आईला तिच्यादेखत अनेक गोष्टी बोलता येत नाहीत. व्यंग्यार्थ, टोमणे, शब्दशः अर्थ घेण्याची सवय या गोष्टीही मातृभाषेतच नीट तपासता येतात. परक्या भाषेतील म्हण न कळणे हे कोणाचेच लक्षण नाही.

चांगल्या तपासणीत इतर शक्यताही पडताळल्या जातात. सामाजिक भीती, मंत्रचळ, लहानपणीच्या आघाताचे परिणाम, व्यक्तिमत्त्वाचे काही विकार यांची बाह्य रूपे स्वमग्नतेशी मिळतीजुळती असतात. अवधान-अस्थिरता, म्हणजे एडीएचडी, ही तर पुष्कळदा स्वमग्नतेच्या सोबतच असते. २०१३ पूर्वीच्या अमेरिकन नियमांनुसार ही दोन निदाने एकाच व्यक्तीला देता येत नसत, त्यामुळे जुन्या कागदपत्रांत यांपैकी एकच नोंद आढळते. तपासणीअंती ‘स्वमग्नता नाही, अमुक आहे’ असे उत्तर मिळाले तर तो वेळ वाया गेला असे समजण्याचे कारण नाही.

आणि हे सारे कशासाठी, असे विचारणाऱ्यांसाठी एक आकडा. केंब्रिज येथील निदान केंद्रात प्रौढपणी आस्पर्गर अवस्थेचे निदान झालेल्या ३७४ जणांचा अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांपैकी ६६ टक्के व्यक्तींनी आयुष्यात केव्हा ना केव्हा आत्महत्येचे विचार मनात आल्याचे सांगितले. असे विचार ज्यांच्या मनात घोळत असतील त्यांनी तपासणीच्या तारखेची वाट पाहू नये. केंद्र शासनाने ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू केलेल्या टेली मानस सेवेचा १४४१६ हा निःशुल्क क्रमांक देशभरात दिवसरात्र उपलब्ध असून तेथे मराठीतही बोलता येते.

प्रमाणपत्राचा दुसरा दरवाजा

निदानाचा अहवाल हाती आला की शासकीय सवलती आपोआप मिळतात, हा गैरसमज आहे. १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्यात स्वमग्नतेचा समावेश नव्हता. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याने तिची प्रथम दखल घेतली. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये २१ प्रकारांच्या यादीत स्वमग्नता वर्णपटाचा समावेश झाला आणि १९ एप्रिल २०१७ पासून हा कायदा अमलात आला. प्रमाणपत्रासाठी स्वावलंबन संकेतस्थळावर अर्ज करावा लागतो, त्यानंतर जिल्ह्यातील नियुक्त वैद्यकीय प्राधिकरण तपासणी करते. एका राज्यात मिळालेले प्रमाणपत्र कायद्यानुसार देशभर ग्राह्य आहे. बदलीच्या नोकरीतील कुटुंबांना ही तरतूद उपयोगी आहे.

टक्केवारी ठरवण्यासाठी जे साधन वापरले जाते ते सिकंदराबाद येथील राष्ट्रीय संस्थेने विकसित केले असून आयएसएए या आद्याक्षरांनी ते ओळखले जाते. सामाजिक देवाणघेवाण, भावनिक प्रतिसाद, भाषा व संवाद, वर्तनाची ठेवण, संवेदना आणि आकलन अशा सहा विभागांत त्यातील ४० बाबी विभागलेल्या आहेत. प्रत्येक बाबीस एक ते पाच गुण दिले जातात, त्यामुळे बेरीज ४० ते २०० यांच्या दरम्यान येते. ७० पेक्षा कमी गुण म्हणजे स्वमग्नता नाही, ७० ते १०६ सौम्य, १०७ ते १५३ मध्यम आणि त्यापुढे तीव्र, अशी वर्गवारी आहे. सत्तरचा उंबरठा ओलांडला की ४० टक्के दिव्यांगत्व मानले जाते आणि आरक्षणासह बहुतेक सवलतींसाठी कायद्याने तेवढेच किमान प्रमाण ठरवले आहे.

अडचण या ४० बाबींच्या स्वरूपात आहे. एखादी गोष्ट किती वेळा दिसते, यावर गुण अवलंबून असतात. हसून प्रतिसाद न देणे, ऐकलेले शब्द पुन्हा पुन्हा उच्चारणे, एकाच प्रकारच्या हालचाली करत राहणे या गोष्टी बालकांत आणि अधिक आधाराची गरज असलेल्या व्यक्तींत सहज दिसतात. तीस वर्षे मुखवटा वागवलेल्या पदवीधर प्रौढात त्या मंडळासमोरच्या वीस मिनिटांत दिसतीलच असे नाही. त्याला किती प्रयास पडतात, हे या मापनात मोजले जात नाही. तज्ज्ञाने सहा भेटींनंतर दिलेले निदान आणि मंडळाने काढलेले ६२ गुण असे दोन कागद एकाच व्यक्तीच्या हाती येऊ शकतात. अशा वेळी दुसऱ्या कागदामुळे पहिला खोटा ठरत नाही. ज्या मुलांना शब्दही उच्चारता येत नाहीत त्यांच्या पालकांना वर्षानुवर्षे खेटे घालावे लागू नयेत म्हणून हे साधन तयार झाले आणि त्या कामी ते उपयुक्तच आहे. प्रौढांसाठी मात्र वेगळ्या मोजपट्टीची गरज आहे, असे स्पष्टपणे म्हटले पाहिजे.

मंडळाकडे जाताना तज्ज्ञाचा अहवाल, जुनी प्रगतिपुस्तके आणि बालपण ठाऊक असलेली एखादी व्यक्ती सोबत असावी. नेहमीची घडी विस्कटल्यावर काय होते, गोंगाटात काय होते, कोणत्या कामांसाठी घरातील माणसांची मदत लागते, हे लिहून न्यावे. निर्णय मान्य नसल्यास कायद्यात अपिलाची तरतूद आहे. प्रमाणपत्र मिळाल्यास शासकीय नोकऱ्यांतील चार टक्के आरक्षणापैकी एका टक्क्याच्या गटात स्वमग्नतेचा समावेश होतो. हा एक टक्का बौद्धिक दिव्यांगत्व, विशिष्ट अध्ययन अक्षमता, मानसिक आजार आणि बहुदिव्यांगत्व यांच्याबरोबर वाटून घ्यावा लागतो. शासकीय आणि अनुदानित उच्च शिक्षण संस्थांत किमान पाच टक्के जागा दिव्यांगांसाठी राखीव असतात. राष्ट्रीय न्यासाच्या निरामय योजनेत एक लाख रुपयांपर्यंतचे आरोग्य विमा संरक्षण मिळते.

प्रमाणपत्र घेतल्यास पालक नेमला जाईल, सहीचा अधिकार जाईल, मालमत्ता हातची जाईल, अशी भीती काहींना, विशेषतः स्त्रियांना, वाटते. २०१६ च्या कायद्याने दिव्यांग व्यक्तींची कायदेशीर क्षमता इतरांइतकीच मान्य केली आहे. पालकत्व ही वेगळी प्रक्रिया असून प्रमाणपत्र मिळाल्याने ती सुरू होत नाही.

निदानानंतर

स्वमग्नता बरी करणारे औषध नाही. सोबतची चिंता, नैराश्य, निद्रानाश यांवर औषधे आहेत आणि ती घेण्यात संकोच करू नये. मूलपेशी उपचारांच्या जाहिरातींपासून मात्र दूर राहावे. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या नीतिमत्ता मंडळाने डिसेंबर २०२२ मध्ये स्वमग्नतेवरील उपचार म्हणून त्यांची शिफारस करता येत नाही, असे स्पष्ट केले आहे.

निदानाचा पहिला परिणाम बहुधा घरात दिसतो. अनेकांना हायसे वाटते, त्याबरोबरच गेलेल्या वर्षांबद्दल दुःखही होते. कोणाला सांगायचे आणि कोणाला नाही, हा निर्णय त्या व्यक्तीचा आहे. अविवाहित मुलीचे निदान तिच्या संमतीशिवाय आत्या-मामांपर्यंत पोहोचवण्याचा अधिकार आईवडिलांनाही नाही. नोकरीच्या ठिकाणी सांगितल्यास वाजवी सोयी मागता येतात आणि शासकीय आस्थापनांवर त्या देण्याचे कायदेशीर बंधन आहे. या सोयी बहुधा अगदी किरकोळ असतात : तोंडी सूचनांऐवजी लेखी सूचना, दाराजवळच्या वर्दळीऐवजी कोपऱ्यातील टेबल, बैठकीचे विषय आदल्या दिवशी कळणे, डोक्यावरची लुकलुकणारी नळी बदलणे. खासगी कंपन्यांत यातले बरेचसे वरिष्ठांच्या समंजसपणावर अवलंबून राहते, म्हणून आधी लेखी विनंती करावी आणि कारण कितपत उघड करायचे ते उत्तर पाहून ठरवावे.

अहवालाची मूळ प्रत स्वतःकडे ठेवावी आणि त्यात केवळ निष्कर्ष असल्यास सविस्तर प्रत मागून घ्यावी. कोणत्या पद्धती वापरल्या, बालपणाची माहिती कोणी दिली आणि काय सांगितले, याची नोंद तीत असावी. पुढे अपील करावे लागले, गाव बदलले किंवा दुसऱ्या तज्ज्ञाकडे जावे लागले, तर तोपर्यंत ती माहिती सांगणारी आई कदाचित नसेल, आणि तिने सांगितलेले त्या पानांवरच शिल्लक असेल.